दऱ्या, दर्या आणि इंटरनेटचा पत्ता

'दऱ्या' आणि 'दर्या'. पहिल्या शब्दात सह्याद्रीतल्या खोल घळी आहेत, दुसऱ्यात अरबी समुद्र. फरक एवढाच, की एका ठिकाणी र डोक्यावर रफार होऊन बसतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो 'य'च्या अंगाला आडवा चिकटतो. 'आचाऱ्यांना' बोलवायचे की 'आचार्यांना', यात गफलत झाली तर लग्नघरात काय होईल, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पण हेच शब्द संकेतस्थळाचा पत्ता म्हणून वापरायचे ठरवले, की एक वेगळाच पेच समोर येतो. 'दऱ्या' हा शब्द संगणकावर दोन पद्धतींनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात, आणि म्हणून दोन वेगळे पत्ते.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशासाठी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आज लशीची नोंदणी, रक्ताचा अहवाल, विम्याचे कार्ड, औषधांची खरेदी हे सगळे कुठल्या ना कुठल्या पत्त्यावर जाऊनच होते. तो पत्ता खरा की खोटा, यावर रुग्णाचे पैसे आणि कधी कधी त्याची प्रकृतीही अवलंबून असते. शिवाय 'सारखे दिसते म्हणजे सारखे असते असे नाही' हा धडा वैद्यकाला रोज गिरवावा लागतो. मिठाच्या पाण्याची कुपी आणि पोटॅशियम क्लोराइडची कुपी, दोन्हींतले द्रव पाण्यासारखे स्वच्छ. एक निर्धोक, दुसरे विरळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय बंद पाडणारे. डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून लेबल वाचावे लागते. पत्त्यांचेही असेच आहे. त्यांनाही एक आतले लेबल असते.

पत्त्याच्या आत काय असते?

इंटरनेटवरच्या नावांची आजची व्यवस्था १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली. संकेतस्थळांच्या नावांसाठी चिन्हे ठरली ती मोजकी: इंग्रजीची २६ अक्षरे, १० अंक आणि एक आडवी रेघ. एकूण ३७. त्यात देवनागरीला जागाच नव्हती. पुढे जगभरच्या लिप्यांना सामावून घ्यायचे ठरले, तेव्हा सगळी यंत्रणा नव्याने बांधण्याऐवजी एक युक्ती काढली गेली. २००३ मध्ये अ‍ॅडम कॉस्टेलो यांची 'प्युनीकोड' ही पद्धत प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. कुठल्याही लिपीतले नाव या पद्धतीने त्याच ३७ चिन्हांत लिहिता येते, आणि ते रूपांतरित आहे हे कळावे म्हणून सुरुवातीला एक्स, एन आणि दोन आडव्या रेघा अशी खूण असते.

आपण '.भारत' असे टाइप करतो, तेव्हा यंत्रणेला प्रत्यक्षात जे जाते ते 'एक्स-एन, दोन रेघा, एच-टू-बी-आर-जे-नाइन-सी'. वाचायला हे निरर्थक वाटते, पण ते त्या नावाचे आतले लेबल आहे. दोन नावे एकच आहेत की नाहीत, हे यंत्रणा फक्त या लेबलावरून ठरवते. अक्षर सुंदर आहे की वेडेवाकडे, याच्याशी तिला देणेघेणे नसते.

देवनागरीतले '.भारत' ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले. त्या वेळी मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि सिंधी अशा आठ भाषांसाठी ते खुले झाले. त्याची व्यवस्था 'निक्सी' ही संस्था पाहते, आणि भारतीय लिप्यांमधल्या नावांचे नियम घडवण्याच्या कामात पुण्याच्या 'सी-डॅक'चा मोठा वाटा आहे. पुढे इतर भारतीय लिप्यांतही ही सोय झाली. संथाळीसाठी देवनागरीतच '.भारोत' आहे. एका मात्रेचा फरक, आणि दोन्ही अधिकृत!

तीन ओळींची तपासणी

आतले लेबल पाहायचे कसे? संगणकतज्ज्ञ त्यासाठी आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी उघडतात. तिथे चित्रे नाहीत, बटणे नाहीत. एक शब्द लिहायचा आणि उत्तर घ्यायचे. स्वीडनच्या सायमन जोसेफसन यांनी लिहिलेली 'आयडीएन' आणि 'आयडीएन-टू' ही दोन मोफत साधने याच कामाची आहेत. नाव द्या, ते प्युनीकोडमधले रूप देतात. दोन नावांची रूपे जुळली तर नावे एक, नाही तर वेगळी. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेसारखाच हा कारभार आहे: नमुना आत, अहवाल बाहेर.

हे रूपांतर कशावर चालते? युनिकोड या जागतिक व्यवस्थेत प्रत्येक अक्षराला, प्रत्येक मात्रेला एक क्रमांक आहे. आपले तीन शब्द त्या क्रमांकांत असे दिसतात:

पहिला 'दऱ्या', यात खास मराठीला लागणारा ऱ वापरला आहे: २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६.

दुसरा 'दर्‍या', यात साधा र, त्याचा पाय मोडणारे चिन्ह आणि त्यानंतर न दिसणारे एक जोडचिन्ह आहे: २३४२, २३५२, २३८१, ८२०५, २३५१, २३६६.

तिसरा 'दर्या', म्हणजे समुद्र: २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६.

पहिल्या दोन शब्दांतला फरक मी वर्तमानपत्राच्या कागदावर दाखवू शकत नाही, कारण शाईला तो फरक नाहीच. तो फक्त क्रमांकांत आहे. ८२०५ क्रमांकाचे ते जोडचिन्ह स्वतः कधीच दिसत नाही. शेजारच्या अक्षरांनी कसा आकार घ्यायचा एवढेच ते सांगते.

जुना नियम, नवा नियम

आता गंमत पाहा. 'आयडीएन' हे साधन २००३ च्या नियमांवर चालते. त्या नियमांत न दिसणारी जोडचिन्हे सरळ गाळून टाकायची असे ठरले होते. दुसऱ्या ओळीतले ८२०५ गाळा, काय उरते? तिसरी ओळ! म्हणजे या नियमाने डोंगरातल्या दऱ्या समुद्राला मिळाल्या. नियम करणाऱ्यांच्या दृष्टीने ते चिन्ह म्हणजे निव्वळ सजावट होती. मराठीत त्यावर शब्दाचा अर्थ उभा आहे.

'आयडीएन-टू' हे नंतरच्या नियमांवर चालते. ते नियम २००८ च्या नावाने ओळखले जातात आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी पाय मोडलेल्या अक्षरानंतर हे जोडचिन्ह राहू द्यायचे ठरवले. दर्या आणि दर्‍या वेगळे झाले, हा फायदा. पण 'दऱ्या'ची दोन सारखी दिसणारी रूपेही वेगळी राहिली, हा तोटा. २०१० नंतरही कितीतरी वर्षे काही ब्राउझर जुन्या पद्धतीने आणि काही नव्या पद्धतीने चालत होते, म्हणजे एकच पत्ता दोन ब्राउझरांत दोन ठिकाणी जाण्याची शक्यता होती.

वैद्यकातल्या कुठल्याही चाचणीचे दोन गुण आम्ही पाहतो. आजार असेल तर तो पकडण्याची क्षमता, आणि आजार नसेल तर नाही असे ठामपणे सांगण्याची क्षमता. एक वाढवायला जावे तर बहुधा दुसरी घटते. नावांच्या तुलनेतही तेच. चाळणी ढिली ठेवली तर वेगळी नावे एक ठरतात. कडक केली तर एकच नाव दोन ठरते. जुना नियम ढिला होता, नवा कडक आहे. दोन नावे 'सारखी' म्हणजे नक्की कशी, हे आधी ठरवावे लागते आणि ते त्या भाषेची माणसेच ठरवू शकतात. म्हणूनच पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या सर्वोच्च नावांसाठी, जसे आपले '.भारत', भारतीय लिप्यांच्या जाणकारांनी वेगळे नियम तयार केले. तिथे ही अदृश्य चिन्हे चालतच नाहीत.

'ॲलर्जी'चे तीन अवतार

आमच्या विषयातले उदाहरण घेऊ. ॲलर्जी, ॲनिमिया, ॲम्ब्युलन्स, ॲसिडिटी. आरोग्याच्या बोलण्यात 'ॲ'वाचून पान हलत नाही. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये, क्रमांक २४१८. त्याआधी लोक 'अ' लिहून (२३०९) त्यावर अर्धचंद्र (२३७३) ठेवत. काही ठिकाणी आकार नीट जुळावा म्हणून मध्ये तेच अदृश्य जोडचिन्ह घालत. आज तिन्ही प्रकार वापरात आहेत. कुठला कळफलक वापरता, यावर कुठला प्रकार उमटणार ते ठरते, आणि टाइप करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

युनिकोडची शिफारस स्पष्ट आहे: २४१८ क्रमांकाचे एकसंध अक्षर वापरा. पण इतर दोन रूपे आपोआप त्यात बदलत नाहीत. २००३ चे नियम २००२ सालच्या युनिकोडला बांधलेले होते, त्यामुळे त्यांना 'ॲ' हे अक्षर ठाऊकच नव्हते. नवे नियम एकसंध 'ॲ' घेतात, अर्धचंद्राचेही घेतात आणि जोडचिन्हाचे मात्र नाकारतात, कारण तिथे आधी पाय मोडलेले अक्षर नाही. समजा एखाद्या रक्तपेढीने किंवा रुग्णवाहिका सेवेने 'ॲ'ने सुरू होणारा मराठी पत्ता घेतला आणि रुग्णाच्या फोनच्या कळफलकाने दुसरे रूप उमटवले, तर पत्ता अचूक टाइप करूनही पान उघडणार नाही. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या कुणी ते रूप आधीच घेऊन ठेवले असेल, तर भलतेच पान उघडेल.

डोळा का फसतो

यात वाचणाऱ्याचा दोष नाही. डोळ्याच्या पडद्यावर अगदी स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम दोन अंशांचा असतो. वाचताना नजर सरकत नाही, उड्या मारते. प्रत्येक ठिकाणी सेकंदाच्या साधारण पाव भागाइतकी थांबते. तेवढ्यात आपण अक्षरे मोजत नाही, शब्दाचा एकंदर घाट ओळखतो. मेंदूच्या डाव्या बाजूला, खालच्या भागात, शब्द ओळखण्यात तरबेज झालेला एक प्रदेश असतो. त्याचे शिक्षणच मुळी फरकांकडे दुर्लक्ष करण्याचे झालेले असते. छापील अक्षर, डॉक्टरचे अक्षर, पाटीवरचे रंगवलेले अक्षर, सगळ्यांतून एकच शब्द निघाला पाहिजे. ज्या कौशल्यामुळे आपण भराभर वाचतो, तेच आपल्याला फसवते.

त्यात चाळिशीची भर. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग ताठर होते आणि जवळचे धूसर दिसू लागते. देवनागरीत तर बरेचसे महत्त्वाचे काम वरच्या आणि खालच्या बारीक खुणांवर असते: अनुस्वार, रफार, उकार. फोनच्या छोट्या पडद्यावर, उन्हात, चष्म्याशिवाय 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांची गल्लत सहज होते.

औषधांच्या नावांबाबत ही अडचण जगाने फार पूर्वी ओळखली. व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगावरची दोन औषधे, नावे सारखी, मात्रा वेगळ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेसाठी नऊ उपाय सुचवले, त्यांतला एक सारख्या दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या औषधनावांबद्दल होता. इंग्रजी लेबलांवर दोन नावांतला वेगळा भाग मोठ्या लिपीत छापण्याची पद्धत त्याच विचारातली. नजरेला विश्रांती न देता तिला नेमक्या फरकावर थांबवायचे, हे त्यामागचे सूत्र.

भिवंडीच्या पाट्या आणि केसपेपर

भिवंडीत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या या यंत्रमागांच्या गावात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू आणि गुजराती बोलणारी माणसे एकाच रांगेत उभी असतात. पद्मनगर भागात तेलुगू पाट्या दिसतात, पलीकडच्या मोहल्ल्यात उर्दू. गावाचे नावच पाहा. 'भिवंडी' आणि चुकून लिहिले जाणारे 'भिंवडी': तीच सहा चिन्हे, फक्त अनुस्वाराची जागा बदललेली. कुणी 'भिवण्डी' लिहिले तर तेही वाचणाऱ्याला खटकत नाही. संगणकाला मात्र ही तीन गावे वाटतात.

आडनावांचेही तसेच. मराठी वळणाने 'अन्सारी' लिहिले तर सात चिन्हे, हिंदी वळणाने 'अंसारी' लिहिले तर सहा. माणूस एकच. उर्दूत लिहिताना अरबी कळफलकावरचा 'ये' आणि उर्दू कळफलकावरचा 'ये' शब्दाच्या मध्ये सारखेच दिसतात, क्रमांक वेगळे. तेलुगू आणि कन्नडची काही अक्षरे एकमेकांसारखी, आपला 'ट' आणि गुरुमुखीतला 'ट' जवळजवळ जुळे.

रुग्णालयाच्या संगणकात हे किती महत्त्वाचे ठरते, ते क्षयरोगावरून कळेल. साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा. मागावर काम करणारा तरुण मध्येच गावी जातो, परत येतो, दुसऱ्या दवाखान्यात नाव सांगतो. आधीची नोंद सापडली तर कुठली औषधे, किती दिवस, केव्हा खंड पडला हे समजते, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाची शंका वेळीच घेता येते. नावाच्या एका अर्ध्या 'न'मुळे नोंद सापडली नाही, तर तो 'नवा रुग्ण' ठरतो. म्हणून नुसत्या नावावर रुग्ण शोधू नये. जन्मतारीख, फोन, आणि असेल तर १४ अंकी 'आभा' क्रमांक, यांतली किमान एक खूण सोबत पडताळावी. अंकांना र-ऱ चा प्रश्न नसतो.

फसवणूक करणारे काय करतात

सारख्या अक्षरांचा गैरवापर होऊ शकतो, हे इस्रायलच्या टेक्नियन संस्थेतील एव्गेनी गॅब्रिलोविच आणि अ‍ॅलेक्स गॉन्टमाखर यांनी २००२ मध्येच दाखवून दिले. 'मायक्रोसॉफ्ट'च्या इंग्रजी नावात त्यांनी सी आणि ओ ही दोन अक्षरे रशियन लिपीतली घातली. दिसायला तेच नाव, पण पत्ता वेगळा. इंग्रजी ए चा क्रमांक ९७, तशाच दिसणाऱ्या रशियन अक्षराचा १०७२. त्यावर ब्राउझरांनी एका नावात दोन लिप्या मिसळल्या तर मूळ अक्षरे न दाखवता 'एक्स-एन'चे रूप दाखवायला सुरुवात केली. मग २०१७ मध्ये शुडाँग झेंग या अभ्यासकाने 'ॲपल'चे पूर्ण नावच रशियन अक्षरांत लिहून दाखवले. मिसळ नव्हती, त्यामुळे काही ब्राउझर फसले. नंतर त्यांतले काही दुरुस्त झाले.

करोनाच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने बनावट संदेश फिरले, आणि २०२१ मध्ये लसनोंदणीच्या नावाने येणाऱ्या बनावट संदेशांबद्दल भारताच्या 'सर्ट-इन' या संस्थेने इशारा दिला. आजारी माणूस आणि त्याचे नातेवाईक घाईत असतात, घाबरलेले असतात. लबाडांना नेमके तेच हवे असते.

यावरून देवनागरी पत्ते धोक्याचे, असा निष्कर्ष मात्र काढू नये. इंग्रजीतही शून्य आणि ओ, एक आणि एल यांची गल्लत आहेच. फक्त मराठी वाचता येणाऱ्या आजीला आरोग्यकेंद्राचा पत्ता तिच्या लिपीत वाचता येणे ही मोठी सोय आहे. औषधाला दुष्परिणाम आहेत म्हणून आम्ही औषध बंद करत नाही. मात्रा सांभाळतो, लक्ष ठेवतो.

आपण काय करावे

काळी खिडकी प्रत्येकाने उघडायची गरज नाही. काही साध्या सवयी पुरतात.

संदेशातल्या दुव्यावर टिचकी मारून पैसे भरू नका, आधार क्रमांक देऊ नका. रुग्णालयाच्या पावतीवर, अहवालावर छापलेला पत्ता स्वतः टाइप करा आणि एकदा खात्री झाली की फोनमध्ये जपून ठेवा.

पत्ता उजवीकडून वाचा. पहिल्या तिरक्या रेघेच्या अगोदरचा शेवटचा भाग खरा मालक सांगतो. सरकारी स्थळ असेल तर तिथे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'सरकार.भारत' असले पाहिजे. हे शब्द पत्त्याच्या सुरुवातीला किंवा मध्ये असून उपयोग नाही.

पत्त्यात 'एक्स-एन' आणि दोन रेघा दिसल्या तर घाबरू नका, तो कुठल्यातरी इतर लिपीतल्या नावाचा कोड आहे. पण तुम्ही इंग्रजी नावाच्या बँकेत किंवा विमा कंपनीत जात असाल आणि हे दिसले, तर तिथेच थांबा.

कुलपाचे चित्र म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे. मधल्या वाटेत कुणी वाचू शकणार नाही, एवढेच ते सांगते. पलीकडे चोर बसला असेल तरी कुलूप दिसू शकते.

फोन किंवा ब्राउझर पासवर्ड आपोआप भरत असेल, तर त्याच्या वागण्याकडे लक्ष द्या. तो आकार पाहत नाही, आतले लेबल जुळवतो. नेहमीच्या पानावर पासवर्ड आपोआप भरला गेला नाही, तर हाताने भरण्याआधी पत्ता तपासा. काळ्या खिडकीतली तीच तपासणी तो तुमच्यासाठी करत असतो.

पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. हृदयविकाराच्या झटक्याप्रमाणे इथेही पहिल्या तासाला फार किंमत आहे.

आणि संस्थांसाठी एक सूचना. दवाखाना, औषधदुकान किंवा प्रयोगशाळा मराठी पत्ता घेणार असेल, तर नाव निवडतानाच 'ॲ', 'ऱ्य', अनुस्वार यांची पर्यायी रूपे काढून संगणकाच्या जाणकाराकडून त्यांची तुलना करून घ्या. शक्य असेल तर सगळी रूपे आपल्याच नावावर नोंदवा, नाही तर असे नाव निवडा ज्याला दुसरे रूपच नाही. पाटी रंगवण्याआधी हे अर्ध्या तासाचे काम आहे. रुग्ण एकदा चुकीच्या पत्त्यावर पोचला, की ते निस्तरायला अर्धा तास पुरत नाही.